एकोणीस सेकंदांचा फोटो

बाबांच्या आवाजातली एक फिल्म आमच्याकडे आहे. फिल्म म्हणजे घरचे १४३ फोटो, डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेल्या नऊ छोट्या क्लिपा आणि त्यावर बाबांचं बोलणं. सगळी मिळून बावीस मिनिटं. २०१३ साली आम्ही दोघांनी शेजारी बसून ती विंडोज मूव्ही मेकरमध्ये केली. माऊस माझ्या हातात होता आणि निर्णय बाबांचे. कुठला फोटो आधी, कुठला नंतर, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे सगळं त्यांनी ठरवलं. बाबा आता नाहीत.

गेल्या वर्षी आत्या राहायला आली तेव्हा मी ती फिल्म मोठ्या टीव्हीवर लावली. पाच मिनिटं झाली नाहीत तोच आत्या म्हणाली, ‘अगं, दादाचा आवाज छान येतोय, पण चेहरे कुठे दिसताहेत? सगळं धुकं धुकं.’ थोड्या वेळाने अंगणातला आजीचा फोटो आला तशी ती पुढे सरकून बसली. ‘आणि ह्याच्याखाली १९६८ कोणी लिहिलं? एकाहत्तरचा आहे हा फोटो.’

धुक्याचं कारण मला ठाऊक होतं. त्या वेळी फाइल लहान व्हावी म्हणून मी फिल्म ६४० बाय ४८० ठिपके एवढ्याच आकारात काढली होती. टीव्ही १९२० बाय १०८०चा. तेवढंसं चित्र एवढ्या पडद्यावर ताणलं की चेहरे पुसट होणारच. मूळ फोटो मात्र चांगले मोठे होते आणि जुन्या कॉम्प्युटरची डी ड्राइव्ह मी वेळेवर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवली होती, त्यामुळे ते शाबूत होते. फोटोंशेजारीच मूव्ही मेकरची प्रोजेक्ट फाइलही होती, नावाच्या शेवटी डब्ल्यूएलएमपी अशी शेपटी असलेली. ती उघडायची, साल बदलायचं आणि मोठ्या आकारात पुन्हा काढायची, एवढंच तर काम. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ होतं. मी फाइलवर डबल क्लिक केलं, तर ही फाइल कशाने उघडू असं विंडोज मलाच विचारू लागलं.

मूव्ही मेकर पहिल्यांदा आलं ते २०००मध्ये, ‘विंडोज मी’ (एमई) या आवृत्तीबरोबर. एक्सपी आणि व्हिस्टात ते विंडोजच्या आतच असायचं. विंडोज ७पासून ते वेगळं उतरवून घ्यावं लागे. शेवटची आवृत्ती २०१२ची, ‘विंडोज इसेन्शियल्स’ नावाच्या संचात मिळायची, आणि आमची फिल्म तिच्यावरच झालेली. १० जानेवारी २०१७ला त्या संचाचा आधार संपला आणि अधिकृत डाउनलोडही बंद झालं. आता विंडोज ११सोबत क्लिपचॅम्प येतं. ते वेगळंच सॉफ्टवेअर आहे, मूव्ही मेकरचा प्रोजेक्ट त्याला उघडता येत नाही.

मग नव्यानेच का करू नये? फोटो क्रमाने लावायचे, खाली आवाज टाकायचा. मी तसं करून पाहिलं. तीन संध्याकाळी घालवल्या. फोटो होते, आवाज होता, पण कुठला फोटो किती वेळ ठेवायचा हे मला कळेना. जुनी धूसर फिल्म शेजारी लावून सेकंद मोजत बसायचं म्हटलं तरी मोजणी दर फोटोमागे जराशी चुकायची आणि दहाव्या मिनिटाला बाबा भलत्याच फोटोबद्दल बोलू लागायचे. शिवाय फोटो हळूच पुढे सरकणं, एकातून दुसरा उमलणं, ते सगळं वेगळंच दिसायला लागलं. प्रोजेक्ट फाइलीत ना फोटो असतात, ना आवाज. तिच्यात नुसते निर्णय असतात. बाबांचे निर्णय त्या एका फाइलीत होते आणि ती वाचता येणारं सॉफ्टवेअर एकच होतं.

शोधाशोध सुरू केली आणि पहिल्याच पावलाला फसता फसता वाचले. मूव्ही मेकरच्या नावाशी मिळतीजुळती एक साइट वरच दिसली. चिन्ह तेच, नाव तेच. उतरवून घेतलं, चाललंही, पण सेव्ह करायला गेले तेव्हा पैसे भरा म्हणालं. मूव्ही मेकर कधीच विकत नव्हतं, ते नेहमी फुकटच मिळायचं, त्यामुळे इथे काहीतरी पाणी मुरतंय हे लक्षात आलं. ही फसवणूक जुनीच आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने नकली मूव्ही मेकरबद्दल जाहीर इशारा दिला होता. बंद पडलेल्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावावर असे लोक हमखास दुकान मांडतात, कारण खरं देणारं कोणी उरलेलं नसतं. मी ते काढून टाकलं, कॉम्प्युटर अँटिव्हायरसने पूर्ण तपासला आणि मगच पुढे गेले.

जुन्या डिस्कवरच्या डाउनलोड फोल्डरात मला खरा इन्स्टॉलर सापडला. सव्वाएक एमबीची इवलीशी फाइल. आनंदाने चालवली, तर थोड्या वेळाने चूक दाखवून थांबली: क्रमांक ८०१९०१९४. हा आकडा मी बराच वेळ नुसताच बघत होते. हे क्रमांक दहाऐवजी सोळाच्या पायाने लिहिलेले असतात. शेवटचे तीन अंक १९४, म्हणजे एक गुणिले २५६, अधिक नऊ गुणिले १६, अधिक चार. बेरीज ४०४. आणि ४०४ म्हणजे ‘मागितलेलं पान सापडलं नाही’, जे आपल्याला ब्राउझरमध्ये एरवी दिसतंच. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. ही इवलीशी फाइल नुसती निरोप्या होती. खरं सामान ती सर्व्हरवरून आणणार, आणि सर्व्हरवर ते सामानच राहिलं नव्हतं. विंडोजच्या सेटिंग आणखी कितीही ढवळल्या असत्या तरी उपयोग झाला नसता.

त्याच संचाचा पूर्ण इन्स्टॉलरही होता, सगळं सामान पोटात घेतलेला, शंभर एमबीच्या पुढचा. तो इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या साइट आणि फाइली जपणाऱ्या संग्रहात आहे, मूळ कंपनीच्या सर्व्हरवरून तेव्हा उचललेली प्रत. उतरवल्यावर लगेच चालवला नाही. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली डिजिटल सिग्नेचर बघितली. सही मायक्रोसॉफ्टची होती आणि ती शाबूत असल्याचं विंडोज सांगत होतं. सही झाल्यानंतर फाइलीत एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं असतं तरी ती सही तुटली असती. नकली इन्स्टॉलरला ही सही आणता येत नाही. जुनं सॉफ्टवेअर कुठूनही आणा, हे एक पान उघडून बघायला अर्धा मिनिट लागतो.

मध्ये एक फाटा फुटला. भाचा म्हणाला, ‘मावशी, व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ७ टाक, म्हणजे जुनं ते जुन्यात चालेल.’ व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. टाकलं. मूव्ही मेकर बसलं, पण सुरू होताना म्हणालं की ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. व्हर्च्युअल मशीनला खरं ग्राफिक्स कार्ड नसतं आणि या सॉफ्टवेअरला ते लागतंच. दोन दिवस झगडून सोडून दिलं. अस्सल कॉम्प्युटरवर ही अडचण आली नाही.

विंडोज ११वर ते बसू शकतं याचं मूळ कारण म्हणजे विंडोज ११ फक्त ६४ बिटचं असलं तरी ३२ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची, सॉफ्टवेअर अजून चालवतं. मॅकवर २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून ते दार बंद झालं. मूव्ही मेकर ३२ बिटचं आहे. ही गोष्ट मला शेवटी वेगळ्याच वळणावर भोवली, ते पुढे सांगते.

बसवण्याआधी दोन गोष्टी करून घेतल्या. एक, डॉट नेट ३.५, म्हणजे काही सॉफ्टवेअर चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा जोडसंच. नव्या विंडोजमध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या असतात, पण ३.५ आपोआप नसतं आणि पुढच्या आवृत्तीने त्याची जागा भरून निघत नाही. ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत त्याच्यापुढे खूण केली की विंडोजच ते उतरवून घेतं. दुसरी, डायरेक्टएक्सचा, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्स हाताळणाऱ्या भागाचा, जून २०१०चा संच. आपल्याकडे डायरेक्टएक्स १२ असतं, मग २०१०चं कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण त्या काळची सॉफ्टवेअर काही जोडफाइली वापरायची, त्या १२मध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या घालाव्या लागतात आणि नव्याच्या शेजारी बिनबोभाट राहतात. ज्यांच्या विंडोजच्या नावापुढे ‘एन’ असतं, त्यांना मीडिया फीचर पॅकही लागेल. माझं तसं नव्हतं.

इन्स्टॉलरने विचारलं: सगळा संच घालू की निवडून? इथे घाई करू नये. त्या संचात मेल, मेसेंजर आणि वनड्राइव्हची जुनी आवृत्तीही आहे. त्यांचे सर्व्हर बदललेत किंवा बंद झालेत, आणि नव्या कॉम्प्युटरवरच्या सोयींशी त्यांची टक्कर होऊ शकते. मी फक्त ‘फोटो गॅलरी आणि मूव्ही मेकर’वर खूण ठेवली, बाकी सगळ्या काढल्या. पाच-सात मिनिटांत झालं. सुरू केलं. डावीकडे काळा चौकोन, उजवीकडे मोकळी पांढरी पाटी आणि वर तीच रिबन. मी बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती बघत बसले. बाबांची खुर्ची माझ्या उजवीकडे असायची.

मग प्रोजेक्ट उघडला. १४३ फोटोंच्या जागी १४३ पिवळे त्रिकोण, प्रत्येकात उद्गारचिन्ह.

याचा अर्थ मात्र मला लगेच कळला. फाइलीत निर्णय असतात आणि त्यासोबत फोटोंचे पत्ते असतात. पत्ते होते जुन्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचे. नव्या कॉम्प्युटरला डी ड्राइव्हच नव्हती. एकेका त्रिकोणावर डबल क्लिक करून फोटो कुठे आहे ते दाखवता येतं, पण १४३ वेळा? मी फाइलीची एक प्रत काढली, ती बाजूला ठेवली आणि दुसरी प्रत नोटपॅडमध्ये उघडली.

उघडेल याची खात्री नव्हती. एक्सपीच्या काळातल्या मूव्ही मेकरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता चिन्हांचा चिखल दिसतो. ही मात्र साध्या अक्षरांत होती. एक्सएमएल, म्हणजे खुणा घालून माहिती लिहायची एक पद्धत. आधी फोटोंची यादी, प्रत्येकाला एक क्रमांक आणि पूर्ण पत्ता, लांबी-रुंदी. खाली दुसरी यादी: कुठल्या क्रमांकाचा फोटो, किती सेकंद, कुठला परिणाम. मूव्ही मेकर नवा फोटो घेतं तेव्हा त्याला आपणहून सात सेकंद देतं, म्हणून मी खाली सरकत गेले तसे सातच दिसत राहिले. कालावधी सात. सात. सात. सात. नऊ. सात. सात. मग एका ओळीत कालावधी एकोणीस.

क्रमांक बघितला, वरच्या यादीत जाऊन पत्ता शोधला. अंगणातला आजीचा फोटो.

मला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. मी सवयीने तो फोटो सात सेकंदांवर ठेवला होता आणि पुढच्या फोटोकडे वळले होते. बाबा म्हणाले, ‘थांब. हा एवढ्यात घालवू नकोस.’ मी दहा केले. ‘अजून.’ पंधरा केले. त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं. एकोणिसाला म्हणाले, ‘हां.’ तीन संध्याकाळी मी जे सेकंद अंदाजाने मोजत होते, ते इथे आकड्यांत लिहून ठेवलेले होते. सातहून वेगळा जो जो आकडा होता तो बाबांनी थांबवलेला फोटो. असे मी मोजले, तेहतीस निघाले.

आता पत्ते बदलायचे. नोटपॅडच्या ‘रिप्लेस’मध्ये वर जुन्या फोल्डरचा पत्ता, खाली नव्याचा, आणि ‘सगळे बदला’. सेव्ह केलं, मूव्ही मेकरमध्ये उघडलं. प्रोजेक्ट उघडता येत नाही असा निरोप आला. आधी निदान पिवळे त्रिकोण तरी दिसत होते, आता तेही नाहीत. प्रत बाजूला होती म्हणून धीर होता, पण चूक कुठे ते दिसेना. अडीच हजारांवर ओळी होत्या. शेवटी एक युक्ती सुचली. फाइलीची आणखी एक प्रत केली, तिची शेपटी बदलून एक्सएमएल केली आणि ती ब्राउझरमध्ये टाकली. ब्राउझर अशा फाइलीचं व्याकरण तपासतो आणि पहिली चूक कितव्या ओळीत, कितव्या अक्षराला आहे ते सांगतो. त्याने थेट पहिल्या फोटोच्या पत्त्यावर बोट ठेवलं. नव्या फोल्डरला मी ‘बाबा & आत्या’ असं नाव दिलं होतं. एक्सएमएलमध्ये ते मधलं चिन्ह मोकळं लिहिता येत नाही, कारण तिथे त्याचा अर्थ ‘पुढे सांकेतिक शब्द येतोय’ असा होतो. ते लिहायचंच असेल तर चिन्हापुढे ‘एएमपी’ आणि अर्धविराम जोडावा लागतो. मी फोल्डरचंच नाव बदलून ‘बाबा आणि आत्या’ केलं, मूळ प्रतीवरून पुन्हा बदल केले आणि उघडलं.

त्रिकोण गेले आणि सगळे फोटो आपापल्या जागी आले. आवाजाचे चार तुकडे जुन्या यूजरच्या फोल्डरात होते, त्यांचा पत्ता वेगळा बदलावा लागला, पण ते पाच मिनिटांचं काम. फाइलीला हात लावायचा नसेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे: ‘सब्स्ट’ नावाच्या आज्ञेने एखाद्या फोल्डरलाच डी ड्राइव्ह म्हणून उभं करता येतं. मग जुने पत्ते जसेच्या तसे चालतात. मात्र कॉम्प्युटर बंद करून चालू केला की ती ड्राइव्ह नाहीशी होते, पुन्हा आज्ञा द्यावी लागते.

प्ले दाबलं. बाबांचा घसा साफ केल्याचा आवाज आला, मग ‘तर’. त्यांची प्रत्येक गोष्ट ‘तर’ने सुरू व्हायची.

क्लिपांचं मात्र जमलं नव्हतं. नऊपैकी सहा क्लिपांचा नुसता आवाज येत होता, चित्र काळं. या एव्हीआय फाइली होत्या. पण एव्हीआय हा नुसता डबा. आत चित्र कुठल्या पद्धतीने भरलंय, म्हणजे कोडेक कोणता, त्यावर ते दिसणार की नाही ते ठरतं. जुन्या कॉम्प्युटरवर कधीकाळी घातलेला एक कोडेक पॅक होता, त्याच्या जिवावर ते चालायचं. तसा पॅक शोधून नव्या कॉम्प्युटरवर घालायची माझी इच्छा नव्हती. ते पॅक सगळ्याच व्हिडिओंच्या चालण्यात हात घालतात आणि मग एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. त्याऐवजी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरने सहाही क्लिपा एच.२६४ या सर्रास चालणाऱ्या कोडेकमध्ये बदलून घेतल्या. काळजी एकच घेतली: दर सेकंदाच्या चौकटी बदलू दिल्या नाहीत आणि लांबी तंतोतंत तीच ठेवली. क्लिप कुठून कुठपर्यंत घ्यायची, हेही प्रोजेक्ट फाइलीत सेकंदांतच लिहिलेलं असतं. लांबी तीच राहिली तर कापलेल्या जागाही त्याच राहतात. मग फाइलीत त्या सहा नावांची शेपटी बदलून एमपी४ केली. सहाही क्लिपा बरोबर जागी सुरू झाल्या आणि बरोबर जागी थांबल्या.

खरं तर सगळ्यांनाच हे करावं लागेल असं नाही, पण फोनवरचे नवे व्हिडिओ जुन्या मूव्ही मेकरमध्ये घालायचे असतील तर हीच पायरी लागेल. त्यातले पुष्कळसे एचईव्हीसी या नव्या कोडेकमध्ये असतात आणि फोटो एचईआयसी या नव्या पद्धतीत. २०१२च्या सॉफ्टवेअरला ते ओळखू येत नाहीत. आधी एच.२६४ आणि जेपेग करून घ्यायचे. फोनचे व्हिडिओ दर सेकंदाला सारख्या चौकटी देत नाहीत, म्हणून बदलताना स्थिर फ्रेमरेट निवडावा, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून लांब जातात.

मग मजकुराकडे वळले. फोटोंखालची नावं आणि सालं आम्ही मंगल फॉन्टमध्ये लिहिली होती. आता अक्षरं वेगळी दिसत होती, लांब ओळी मोडून खाली उतरल्या होत्या आणि काही ठिकाणी दुसरी ओळ चौकटीबाहेर गेली होती. एक्सपीपासून मंगल इतका अंगवळणी पडलाय की तो विंडोजमध्ये असणारच असं मी धरून चालले होते. विंडोज १०पासून तो मुळात बसवलेला नसतो. देवनागरीसाठी आता निर्मला असतो आणि मंगल, अपराजिता, कोकिला, उत्साह हे सगळे ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या संचात ठेवलेत. फुकट आहेत, मागावे लागतात एवढंच. संच घातला, मूव्ही मेकर बंद करून उघडलं, ओळी पुन्हा एकाच रेषेत आल्या. जुन्या मराठी फाइलींचं रूप अचानक बदललेलं दिसलं तर आधी हे तपासून बघा.

आत्याने सांगितलेलं सालही बदललं. १९६८ पुसलं, १९७१ लिहिलं.

आता शेवटचं, फिल्म काढणं. फोटो बहुतेक चार-तीन प्रमाणातले, म्हणून प्रोजेक्ट मूळचाच चार-तीन ठेवला आणि आकार १४४० बाय १०८० निवडला. क्लिपा मुळातच लहान होत्या, त्या काही सुधारणार नव्हत्या. पण फोटो मूळ फाइलींवरून पुन्हा उचलले जाणार होते, आणि चेहरे फोटोंतच होते. मध्यंतरी मी बारा जुने कागदी फोटो नव्याने स्कॅन केले होते, १२०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, जुन्या पुसट स्कॅनच्या जागी त्याच नावाने ठेवले होते. अंगणातला फोटोही त्यांत होता. काम लावलं. ६१ टक्क्यांवर मूव्ही मेकर बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ६१.

एकाच जागी दोनदा पडतंय म्हणजे दोष त्या जागेत. ६१ टक्के म्हणजे साधारण तेराव्या मिनिटाच्या पुढे, आणि तिथे नवे स्कॅन ओळीने आले होते. हिशेब करून पाहिला. पाच बाय सात इंचांचा फोटो १२०० डीपीआयवर स्कॅन केला की ६००० बाय ८४०० ठिपके होतात, पाच कोटींच्या वर. फाइल लहान दिसली तरी मेमरीत उघडताना प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे एकेक फोटो २०० एमबी. आणि ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला साधारणपणे २ जीबीच मेमरी वापरता येते, कॉम्प्युटरमध्ये कितीही असो. असे सात-आठ फोटो एकापाठोपाठ आले की जागा संपणारच. पडदा १०८० ठिपक्यांचा आहे, त्याला ८४०० देऊन उपयोगही नव्हता. बाराही स्कॅनच्या लहान प्रती केल्या, उंची २१६०, मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरात जपून ठेवले. तिसऱ्यांदा लावलं आणि समोर बसून राहिले. ६१, ६२, ६३. मग शंभर.

आत्याला बोलावलं. या वेळी धुकं नव्हतं. ती एकेका चेहऱ्याचं नाव घेत होती, बाबांच्या आधी. अंगणातला फोटो आला. आजी उंबऱ्यात बसलेली, मागे कोनाडा. बाबा म्हणाले, ‘हा अंगणातला. अडुसष्ट सालचा.’ आणि खाली मी लिहिलेलं १९७१.

‘बघ,’ आत्या म्हणाली. ती उठून टीव्हीजवळ गेली. ‘कोनाड्यात रेडिओ आहे. दिसतोय? दादाने पहिल्या पगारातून आणला होता. नोकरी त्याला सत्तरच्या शेवटाला लागली. मग हा फोटो अडुसष्टचा कसा असेल?’ जुन्या फिल्ममध्ये त्या कोनाड्यात नुसता एक काळपट डाग होता. तिने रेडिओवर बोट ठेवलं, मग आजीच्या चेहऱ्यावर. तेवढ्यात एकोणीस सेकंद संपले आणि पुढचा फोटो आला.

ती परत येऊन बसली. फिल्म संपेपर्यंत काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, ‘साल पुन्हा होतं तेच कर.’

‘अगं, पण तू म्हणतेस तेच बरोबर निघालं ना?’

‘निघालं. पण तो अडुसष्ट म्हणतोय आणि खाली एकाहत्तर. त्याला मध्येच अडवल्यासारखं वाटतं ते. त्याचं आहे तसं राहू दे.’

मी मूव्ही मेकर उघडलं. प्रोजेक्ट एका क्लिकने उघडला. अंगणातल्या फोटोवर गेले, १९७१ पुसून १९६८ लिहिलं आणि फिल्म पुन्हा काढायला लावली. आत्या शेजारच्या खुर्चीत बसून टक्के वाढताना बघत होती.